उंदीर पडले, गाव उठले

१० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुंढव्याजवळ अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या वस्तीत पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेगची गाठ आल्याचे त्यांना कळले होते. साठी ओलांडलेल्या सावित्रीबाई स्वतः तिथे गेल्या आणि त्या पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. दवाखाना त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांचा होता, पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला मोकळ्या रानात उभारलेला. पोरगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र लागण झाली.

तीनच दिवसांनी, १३ मार्चला, पुण्याच्या पेठांत गोऱ्या सोजिरांची घरझडती सुरू झाली. पेठेचा एकेक भाग घेरायचा, घराघरांत शिरायचे, आजारी माणूस सापडला की उचलून इस्पितळात न्यायचे, घरातल्या बाकीच्यांना वेगळ्या छावणीत हलवायचे आणि मागे राहिलेल्या सामानाची होळी करायची, असा तो क्रम होता. बूट घातलेले पाय स्वयंपाकघरात आणि देवघरात गेले. काखेत-जांघेत गाठ आहे का, हे पाहण्यासाठी बायकांची तपासणी चारचौघांत झाली. मे महिन्यात झडत्या थांबल्या आणि २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाहून परतताना, प्लेग कमिटीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांच्यावर गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली गेली. त्यांच्या मागोमाग परतणारा लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. हा कट करणारे चापेकर बंधू फाशी गेले.

इतका इतिहास महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. जुलूम झाला आणि जुलमाचा सूड घेतला गेला, एवढ्यावर तो थांबतो. पण प्लेगच्या त्या वर्षांकडे आणखी एका बाजूने पाहायला हवे. रँड यांच्या कमिटीच्या हाती फौज होती, कायदा होता, पैसा होता. एवढे सगळे असून तिला प्लेग कळला होता का? आणि ज्यांच्या हाती यांतले काहीच नव्हते, त्यांना काय कळले होते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या पुढच्या काही महिन्यांनीच दिले. मे महिन्यात साथ ओसरली आणि त्याचे श्रेय झडत्यांना दिले गेले. वास्तविक दख्खनच्या कोरड्या, कडक उन्हात प्लेग दरवर्षीच मंदावतो, कारण त्याचा प्रसार करणाऱ्या पिसवा त्या हवेत फार काळ तगत नाहीत. पावसाळा सुरू झाला, हवा दमट झाली आणि १८९७ च्या उत्तरार्धात प्लेग पुण्यात परतला. ही दुसरी साथ पहिलीपेक्षा मोठी होती.

सत्तेला एवढी घाई का झाली होती, हेही समजून घेतले पाहिजे. फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली होती. हिंदुस्थानातला माल आणि जहाजे आपल्या बंदरांत येऊ द्यायची की नाहीत, याचा खल युरोपातली सरकारे करत होती. मुंबईचा व्यापार बुडण्याची भीती खरी होती. म्हणून सरकारला काहीतरी करायचे होते, आणि ते जगाला दिसेल असे करायचे होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. साथ रोखण्यासाठी आवश्यक वाटेल तो उपाय योजण्याची मुभा त्याने सरकारला दिली, आणि चौथ्या कलमाने असे उपाय सद्हेतूने करणाऱ्यांना कोर्टकज्जांपासून अभय दिले. लोकांना आधी काही विचारावे, समजावून सांगावे, असे त्यात कुठेही नव्हते.

मुंबईत साथीची सुरुवात झाली होती ती मांडवीत. बंदरालगतचा, धान्याच्या वखारींनी भरलेला हा भाग. १८९६ च्या पावसाळ्यात तिथल्या वखारींत मेलेले उंदीर सापडू लागले होते. हमालांना, वखारवाल्यांना ते दिसत होते. सप्टेंबरमध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीतल्या रोग्यांना तपासले. हे मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, मुंबईत शिकून तिथेच व्यवसाय करणारे. ताप, ग्लानी आणि गाठ ही लक्षणे पाहून हा गाठीचा प्लेगच आहे, असे त्यांनी ठामपणे सांगितले. हाँगकाँगच्या साथीत येर्सिन या शास्त्रज्ञाने प्लेगचा जंतू शोधून काढला, त्याला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. व्हिएगस यांच्या हाती प्रयोगशाळा नव्हती. रोग्याच्या अंथरुणाशी बसून केलेले निरीक्षण तेवढे होते, आणि ते बरोबर ठरले.

निदान बरोबर झाले, उपाय मात्र चुकले. प्लेग घाणीतून, दूषित हवेतून, जमिनीतून येतो, अशी त्या काळच्या आरोग्य खात्याची पक्की समजूत होती. मग गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकने धुऊन काढण्याचा सपाटा सुरू झाला. भिंतींना चुना फासला गेला, घरांच्या जमिनी उकरल्या गेल्या. उजेड यावा म्हणून चाळींच्या छपरांची कौले काढली गेली. ज्या घरात मृत्यू झाला, त्याच्या दाराशेजारी तारीख लिहून तिच्याभोवती वर्तुळ काढायचे. एकेका दारावर अशी पाच-सहा वर्तुळे झाली.

या सगळ्यात उंदरांचे काय झाले? गटारांत कार्बोलिकचा लोट आला तेव्हा ते तिथून निघून शेजारच्या घरांत गेले. सामान जळू लागले तेव्हा भिंतीपलीकडच्या खोलीत गेले. आजारी उंदीर आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा, दोन्ही साफसफाईच्या पुढे पुढे पसरत राहिले. माणसांचेही तेच झाले. इस्पितळात जबरदस्तीने नेतात म्हणताच लोक रोगी लपवू लागले. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर चाल केली. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून गेली होती. आगगाडीने देशावर, गलबतांनी कोकणात पांगलेल्या लोकांबरोबर साथही गावोगाव पोहोचली.

गावांत मात्र वेगळेच घडू लागले.

महाराष्ट्रातल्या खेड्यातले घर उंदरांना राहायला सोयीचेच असे. जाड मातीच्या भिंती, वर कौले किंवा माळवद, कोपऱ्यात धान्याने भरलेली कणगी, आढ्याला टांगलेली शिंकी. काळा उंदीर छपरात राहायचा आणि रात्री कणगीवर उतरायचा. घरची माणसे त्याला इतकी सरावलेली, की त्याचा आवाज कुणाच्या कानावरही पडत नसे. असा उंदीर एके दिवशी भर उजेडात, माणसांसमोर, झिंगल्यासारखा भेलकांडत बाहेर यायचा आणि ओसरीवर मरून पडायचा. दुसऱ्या दिवशी आढ्यावरून आणखी एक धपकन खाली यायचा. मग शेजारच्या घरात. ‘उंदीर पडायला लागले’ ही बातमी विहिरीवर पोहोचली, की पुढे काय करायचे ते कुणी कुणाला सांगायची गरज राहत नसे. दोन-चार दिवसांत गाव उठायचे.

गाव उठायचे म्हणजे अक्षरशः सगळे गाव. शिवारात, माळावर, पाण्यापासून फार लांब नाही अशा उंचवट्यावर झोपड्या पडायच्या. त्याला लागणारे सामान शेतातच असे. ज्वारीचा कडबा, उसाचे पाचट, तुरकाट्या, बांबूचे तट्टे. मेढी रोवून वर पाचट टाकले की दोन दिवसांत छप्पर उभे राहायचे. चुली मांडल्या जायच्या, गुरे शेजारी बांधली जायची, दळणाचे जाते बैलगाडीतून यायचे. गावातली घरे कुलूप लावून किंवा नुसतीच कडी घालून टाकून दिली जात. जिन्नस आणायला दिवसाउजेडी कुणी गेलेच तर तेवढे काम उरकून परत येई. उन्हाळा तापला, उंदीर पडायचे थांबले आणि पुरेसे दिवस गेले, की गाव परत घरी यायचे. शेणाने जमिनी सारवल्या जायच्या आणि सगळे पूर्ववत व्हायचे. काही भागांत हे इतके अंगवळणी पडले, की पुढच्या वर्षी लागतील म्हणून मेढी आणि तट्टे राखून ठेवले जाऊ लागले.

हे कुणी पुस्तकात वाचून केले नव्हते. हिमालयाच्या पायथ्याशी, कुमाऊँ-गढवालच्या डोंगरांत ‘महामारी’ नावाने हा रोग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून नोंदला गेला होता. घरात उंदीर मरू लागले की तिथले लोक गाव सोडून वर डोंगरात राहायला जात. शतकाच्या मध्याला तिकडे गेलेल्या इंग्रज डॉक्टरांनी आपल्या अहवालांत ही गोष्ट लिहूनही ठेवली होती. म्हणजे मुंबईत गटारे धुतली जात होती, तेव्हा प्लेग आणि उंदीर यांचे नाते सरकारच्याच दप्तरात चाळीस-एक वर्षे नोंदलेले होते. पण ती डोंगरी माणसांची समजूत म्हणून नोंदलेली होती, आणि समजुतीचा आदेश काढता येत नाही.

गावकऱ्यांच्या या रीतीत नेमके काय बरोबर होते, ते नंतरच्या विज्ञानाने उलगडले. प्लेग मुळात उंदरांचा रोग. उंदराच्या अंगावरची पिसू त्याचे रक्त पिते आणि जंतू पोटात घेते. उंदीर मेला, त्याचे शरीर थंड पडू लागले, की पिसू ते सोडते आणि दुसरे ऊबदार अंग शोधते. आसपास उंदीर शिल्लक असतील तोवर तिला ते चालतात. उंदीर संपत आले, की ती माणसाकडे वळते. त्यामुळे उंदीर पडू लागणे आणि माणसाला गाठ येणे यांत साधारण दहा ते चौदा दिवसांचे अंतर असते. गाव उठायचे ते नेमके या अवधीत. रिकाम्या घरातल्या पिसवांना माणूस मिळत नसे. माळावरच्या नव्या, उघड्या छपरात घरचा उंदीर नसे. रोगाचे कारण माहीत नसतानाही त्यातून सुटायची वाट लोकांनी हेरली होती.

ही रीत निर्दोष होती असे मात्र नाही. काही कुटुंबे माळाऐवजी दुसऱ्या गावच्या पाहुण्यांकडे जात आणि गाठोड्यातल्या कपड्यांबरोबर पिसवाही नेत. माळावरही जातीजातींच्या झोपड्या वेगळ्या पडत. हातावर पोट असणाऱ्याला, जमीन नसणाऱ्याला कुणाच्या शेतात छप्पर घालायचे हा प्रश्न असे. शहरात तर उठून जायला माळच नव्हता. गिरणगावातल्या खोलीत राहणारा कामगार चाळ सोडून कोकणात निघून जाई, एवढेच त्याच्या हाती होते. गावाचे शहाणपण गावापुरतेच चालणारे होते.

शहरांसाठी दुसरे काहीतरी हवे होते, आणि ते मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत तयार होत होते. वॉल्डेमार हाफकिन हे ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करून १८९३ मध्ये कॉलऱ्याची लस घेऊन ते हिंदुस्थानात आले होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले, तेव्हा त्यांच्या हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई दिले गेले. प्लेगचा जंतू भरपूर वाढवायचा कसा, हा पहिला पेच होता. हाफकिन यांनी मांसाच्या सारात तुपाचे थेंब सोडले. जंतू या तरंगत्या थेंबांना चिकटत आणि गुहेच्या छतावरून क्षारांचे सुळके लोंबावेत तसे खाली वाढत. बाटली हलवली की ते तुटून तळाशी जात आणि वर नवे वाढू लागत. मग ते सगळे ७० अंश तापमानावर तासभर तापवून जंतू मारायचे. अशी ही लस. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांपैकी जे आपण होऊन पुढे आले, त्यांना ती दिली गेली.

हाफकिन यांच्या कामाची धाटणी बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात सर्वांत स्पष्ट दिसते. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे प्लेग सुरू झालेला होता. प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचायची आणि निम्म्यांना नाही, असे ठरले. घर तेच, उंदीर तेच, पिसवा त्याच. फरक फक्त लशीचा. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ मेले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि त्यांतले २६ मेले. हे आकडे आजही वाचवत नाहीत, कारण त्या २६ जणांना लस देता आली असती. पण लस उपयोगी आहे याचा इतका लख्ख पुरावा त्याआधी कुणाकडेच नव्हता, आणि तो मिळवायला एकाही घराची कडी तोडावी लागली नाही. त्याच वर्षी हुबळीत हजारो लोकांनी लस टोचून घेतली. मुंबईत आगाखान यांनी लोकांदेखत स्वतःला टोचून घेतले, त्यांचे अनुयायी मागोमाग आले. लस ऐच्छिक ठेवली होती. संशय होता, अफवा होत्या, तरीही जिथे पटवून सांगणारे भेटले तिथे लोक पुढे आले.

याच सुमारास पॉल-लुई सिमों हे फ्रेंच डॉक्टर पाश्चर इन्स्टिट्यूटतर्फे हिंदुस्थानात काम करत होते. आजारी माणसाजवळ बसून त्याचे अंग बारकाईने पाहायची त्यांना सवय होती. काही रोग्यांच्या पायावर एक लहानसा फोड त्यांना दिसला. फोडातल्या पाण्यात प्लेगचे जंतू होते. हा फोड म्हणजे काहीतरी चावल्याची खूण असावी, असे त्यांनी ताडले. एका लोकरीच्या कारखान्यातली हकिकतही त्यांच्या कानावर आली. सकाळी कामगार कारखान्यात आले तर जमिनीवर मेलेल्या उंदरांचा सडा. ते उचलण्याचे काम वीस मजुरांना दिले गेले. तीन दिवसांत त्यांतल्या दहांना प्लेग झाला आणि ज्यांनी उंदीर उचलले नव्हते, त्यांच्यापैकी कुणालाही नाही.

जून १८९८ मध्ये कराचीच्या हॉटेल रेनॉल्ड्समध्ये सिमों यांनी एका मोठ्या काचेच्या बरणीत प्रयोग मांडला. तळाशी वाळू पसरली. प्लेगच्या रोग्याच्या घरातून पकडलेला आजारी उंदीर त्यात ठेवला, हॉटेलातल्या मांजराच्या अंगावरच्या पिसवा काढून आणखी सोडल्या. उंदीर मरायला टेकला, तेव्हा एक निरोगी उंदीर जाळीच्या लहान पिंजऱ्यात घालून बरणीत वर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नव्हता, पिसवा मात्र जाळीतून जाऊ शकत होत्या. पहिला उंदीर मेला. काही दिवसांनी दुसराही मेला आणि त्याच्या शरीरात प्लेगचे जंतू सापडले. ज्या जोड्यांत पिसवा नव्हत्या, तिथे निरोगी उंदीर निरोगीच राहिला. चौदाव्या शतकात जवळपास अर्ध्या युरोपचा घास घेणारा रोग कसा पसरतो, ते हॉटेलातल्या एका बरणीत दिसले होते.

सिमों यांनी त्याच वर्षी निबंध प्रसिद्ध केला. त्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. सरकारने १८९८ मध्ये नेमलेल्या प्लेग कमिशनने गावोगाव फिरून साक्षी घेतल्या आणि उंदरांना दुय्यम ठरवून पिसवांची कल्पना जवळपास निकालातच काढली. खेड्यातली बाई आढ्यातून पडलेला उंदीर पाहून जे ओळखत होती, ते कमिशनच्या अहवालात यायला आणखी सहा-सात वर्षे जायची होती. मधल्या काळात माणसे मरतच होती.

हा पेच सुटला तो मुंबईतच, परळला. तिथल्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा होती. पेच सुटला तेव्हा हाफकिन स्वतः तिथे राहिले नव्हते. १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली आणि त्याचा ठपका हाफकिन यांच्यावर ठेवला गेला. दोष त्यांच्या प्रयोगशाळेचा नव्हता, हे सिद्ध व्हायला १९०७ साल उजाडले. परळला ग्लेन लिस्टन यांनी काम पुढे नेले आणि १९०५ पासून नव्या संशोधन कमिशनने सिमों यांचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. पिसवांनी भरलेल्या खोल्यांत गिनीपिगचे पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले प्राणी प्लेगने मेले. दोन फुटांवर टांगलेले जगले, कारण पिसूची उडी तेवढी उंच जात नाही. हवा एकच होती, घाण एकच होती. हवेतून किंवा घाणीतून प्लेग येत असता, तर दोन्ही पिंजरे रिकामे झाले असते.

आता गावकऱ्यांच्या रीतीला शास्त्राचा आधार मिळाला. पण सरकारचे धोरण त्याआधीच वळू लागले होते, आणि ते लोकांनी वळवले होते. पुण्यातले खून, मार्च १८९८ मधली मुंबईची दंगल, लपवलेले रोगी, ओस पडणारी शहरे यांतून शतक संपता संपता एवढे उमगले, की सोजीर पाठवून प्लेग थांबत नाही. घरझडत्या बंद पडल्या. जातवार, समाजवार इस्पितळांना परवानगी मिळाली. टिळकांनी पुण्यात सुरुवातीपासून हीच मागणी लावून धरली होती. उपाय हवेत, पण ते इथल्या लोकांना बरोबर घेऊन करावेत, असे त्यांचे म्हणणे होते. साथीत शहर न सोडता त्यांनी हिंदू प्लेग इस्पितळ चालवायला मदत केली. पुढे गाव खाली करणे हा सरकारी आरोग्य खात्याचाही मान्य उपाय झाला. ज्या रीतीकडे कमिशनने काणाडोळा केला, ती आता तेच खाते लोकांना सुचवू लागले.

एवढे होऊनही प्लेग लवकर हटला नाही. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात १३ लाखांहून अधिक माणसे त्याने गेली. साथीच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत बळींची संख्या एक कोटीच्या वर गेली. डॉ. यशवंत फुले १९०५ मध्ये गेले. जाणत्या माणसांचे वेळीच ऐकले असते तर यांतले किती वाचले असते, याचा हिशेब आज मांडता येत नाही. मात्र पहिली काही वर्षे गटारांत आणि झडत्यांत खर्ची पडली, एवढे कागदोपत्री आहे.

त्या काळातली माणसे आता राहिली नाहीत, पण खूण राहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मराठवाड्यात पडक्या घरांतून धान्य विखुरलेले राहिले आणि उंदीर माजले. पुढच्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला. हे पहिल्यांदा लक्षात आले ते गावकऱ्यांच्याच. महिनाअखेरीस तिथे गाठी आलेले रोगी सापडले आणि कित्येक वर्षांच्या खंडानंतर प्लेगचे नाव देशभर पुन्हा ऐकू आले. सप्टेंबरात सुरतेत त्याच नावाने हाहाकार उडाला, लाखो लोक शहर सोडून पळाले. ज्या गावात पहिली खूण दिसली होती, तिथे मात्र घराघरांत कीटकनाशकाची फवारणी करून आणि रोग्यांना प्रतिजैविके देऊन साथ आवरता आली.

प्लेगवर नजर ठेवणाऱ्या भारतीय यंत्रणेत आज उंदीर पडणे ही धोक्याची पहिली सूचना मानली जाते, आणि ती सहसा घरातल्या किंवा शेतावरच्या माणसाकडूनच मिळते. पथक गावात पोहोचले की पहिल्यांदा औषध मारायचे ते पिसवांवर. उंदीर आधी मारले तर त्यांच्या अंगावरच्या पिसवा माणसांकडे वळतील, म्हणून उंदरांचा बंदोबस्त त्यानंतर होतो.